गाडीवर क्लियर मारताना : घरचे काम कोणते, कारागिराचे कोणते



धान घरात आले की चार दिवस सवड मिळते आणि अंगणातल्या मोटारसायकलीकडे लक्ष जाते. उन्हाने मडगार्डाची चकाकी गेलेली असते, रंगावरचे पारदर्शक कवच पांढुरके पडलेले असते. या कवचालाच रंगारी ‘क्लियर’ म्हणतात. ते घरी मारता येईल काय? येईल, पण सगळेच नाही.

आधी गरज आहे का ते बघा. कापडावर थोडे पॉलिश घेऊन घासा. कापडाला गाडीचा रंग लागला, तर तिथे क्लियर नाहीच किंवा झिजून गेले आहे. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांचा एकरंगी इनॅमल असाच असतो. त्याला बहुधा पॉलिशच पुरते.

क्लियर दोन तऱ्हांचे मिळते. एकात हार्डनर असतो, दुसऱ्यात नसतो. हार्डनरवाले पक्के होते, पेट्रोल सांडले तरी टिकते. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. फवारताना त्याचे धुके छातीत गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा धुक्यानेही धाप लागते. तोंडाला बांधलेला दुपट्टा त्याला अडवीत नाही. चांगल्या वर्कशॉपमध्ये त्यासाठी नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा वापरतात. आपल्या घरी तो कुठला?

फवारणी आपल्याला नवी नाही, असे कोणी म्हणेल. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात पिकावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यांनाही फवारणी नवी नव्हती. म्हणून हार्डनरचे काम आणि पेट्रोलची टाकी, ही दोन्ही कामे पुरती साधने असलेल्या कारागिराकडेच द्यावीत. काही स्प्रे कॅनमध्येही हार्डनर असतो. घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा.

बिनहार्डनरच्या क्लियरने मडगार्डासारखा सुटा भाग घरी करता येतो. रीत अशी :

1. दिवस निवडा. पावसाळ्यात किंवा दव असताना मारू नका. थिनर उडताना पत्रा गार होतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि क्लियर दुधाळ होते. मे महिन्याच्या उन्हात ते पत्र्यावर पोचण्याआधीच सुकते आणि खरखरीत बसते. मार्गशीर्ष ते माघ, सकाळी दहानंतरची कोरडी वेळ बरी. शेजारी मळणी चालू असेल तर थांबा. कोंडा चिकटला की निघत नाही.

2. भाग सोडवून साबणाने धुवा. 800 नंबरच्या पाण्याच्या कागदाने जुनी चकाकी पूर्ण मारा. पापुद्रे सुटले असतील तर कड हाताला लागेनाशी होईपर्यंत घासा. खालचा रंग उघडा पडला तर आधी रंग द्यावा लागेल.

3. रंगाच्या दुकानातल्या ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसा. डिझेल, रॉकेल नको. तेलाचा अंश राहिला की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पुसल्यावर बोट लावू नका.

4. आधी एखाद्या कोपऱ्यावर मारून बघा. जुना रंग सुरकुतला तर काम तिथेच थांबवा.

5. कॅन दोन मिनिटे हलवा. आठ-दहा इंचांवरून, हात सरळ रेषेत नेत, कडेच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पहिला हात हलका, मग दहा-पंधरा मिनिटे थांबून दुसरा, तसाच तिसरा. औषध फवारायचा पाठीवरचा पंप इथे चालत नाही, त्याचे थेंब जाड पडतात.

6. ओघळ आला तर पुसू नका. आठवड्याने कडक झाल्यावर 1500 व 2000 नंबरच्या कागदाने हलके घासून पॉलिश करा.

या क्लियरचा वासही साधा नाही. थिनरची वाफ अडविणारा, काडतुसाचा मुखवटा घाला. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. काम मोकळ्या सांदवाडीत करा, वारा पाठीवर घ्या. चूल, विडी, तणसीचा ढीग आणि लेकरे दूर ठेवा. थिनरची वाफ जमिनीलगत सरकते आणि दूरच्या विस्तवावरही पेट घेते.

पहिला हात गाडीवर मारू नका. जुन्या डब्याच्या पत्र्यावर दोनदा सराव करा. मडगार्ड बिघडले तर पुन्हा घासता येईल, छाती बिघडली तर घासून नवी होत नाही.