जोडणी करावी, पण जुने मोडू नये
(विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलाने घरातले यंत्र उघडले की आपण रागावतो. रागावण्यापेक्षा त्याला जोडणीची शिस्त शिकवावी, एवढेच मला आज सांगायचे आहे. त्यासाठी एक उदाहरण घेतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया, फ्लोरिडा अशा भागांत अनेक घरांना पोहण्याचा तलाव असतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथे तलावाचे पाणी उन्हावर तापवण्याकडे लोकांचे लक्ष वाढले. छपरावर काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचे पट्टे असतात. पंप तलावाचे पाणी वर चढवतो आणि ते तापून खाली येते. पाणी वर केव्हा पाठवायचे, हे नियंत्रक नावाची पेटी ठरवते. तिला दोन तापमापक जोडलेले असतात, एक छपरावर आणि दुसरा नळीत. छप्पर पाण्यापेक्षा काही अंश अधिक तापले की ती झडप फिरवते. फरक उरला नाही, किंवा पाणी हवे तेवढे तापले, की झडप परत फिरते.

आता एखादा विद्यार्थी घरी छोटा संगणक जुळवतो आणि ही पेटी त्याला जोडू पाहतो. त्याने तीन गोष्टी पाळाव्यात.

पहिली, पेटीच्या तापमापकाला आपली तार जोडू नये. असा तापमापक पुष्कळदा २५ अंशांना १०,००० ओहम रोध दाखवतो आणि उष्णता वाढली की रोध घटतो. आपल्या जोडणीचा १०,००० ओहम रोध त्याला समांतर आला, तर शाळेतल्या सूत्राप्रमाणे पेटीला ५,००० ओहमच दिसतात. म्हणजे २५ अंशांचे पाणी तिला ४० अंशांच्या वर वाटते. म्हणून शेजारी आपला स्वतंत्र तापमापक बसवावा.

दुसरी, झडपेला पुष्कळदा २४ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह दिलेला असतो. तो थेट संगणकात गेला तर संगणक जळेल. मध्ये त्याच दाबाचा छोटा रिले घालावा. रिलेचा संपर्क मिटला की संगणकाला कळते, पेटीने ऊन मागितले आहे. मग संगणकाने पंप चालू ठेवावा, कारण पंप बंद असेल तर झडप फिरूनही उपयोग नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, आपला संगणक बंद पडला तरी तलाव पूर्वीसारखा चालला पाहिजे. रिले असा जोडावा की वीज जाताच जुनी जोडणी आपोआप कायम होईल. पंपाच्या मुख्य तारांना मात्र परवानाधारक वायरमनशिवाय कोणी हात लावू नये. पाणी आणि वीज एकत्र असतात, तिथे चूक जिवावर बेतते.

आपल्याकडे घरोघरी तलाव नाहीत, हे खरे. घरगुती सौरबंबात तर गरम पाणी स्वतःच वर चढते, त्याला बहुधा पंपही लागत नाही. परंतु वसतिगृहाच्या किंवा रुग्णालयाच्या मोठ्या सौरसंचात पंप असला, तर दोन तापमानांतील फरकाचे हेच तत्त्व वापरतात. तिथे काम करू शकणारे हात आपल्या वर्गांतूनच निघतील.

पालकांनो, मुलाला पकड-पेचकस द्या, वहीही द्या. कोणती तार कुठून काढली, हे आधी लिहून मगच हात लावायची सवय त्याला लागली, तर तो घरचे यंत्र बिघडवणार नाही आणि उद्या दुसऱ्याचे दुरुस्त करील.