आवडनिवड इंग्रजींत कशी सांगावी?

(तेल्हारा येथें शेतकरी व कारागीर घरांतील विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप यांच्यापुढें केलेलें भाषण)



सावित्रीबाई फुले यांनीं १८५४ सालच्या 'काव्यफुले' या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला. २००० सालापासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी आलें. तरी आमचा कुणब्या-माळ्याचा, सुतार-लोहाराचा पोरगा 'प्रिफर' या एवढ्याशा शब्दापाशीं अडखळतो, आणि अडखळला कीं चार शहाणे हंसतात. हंसणारांना हंसूं द्या. चूक कां होते तें आपण पाहूं.

आपल्या खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी खारट. म्हणून आपण म्हणतों, 'विहिरीच्या पाण्यापेक्षां नळाचें पाणी बरें.' मुलगा याचें शब्दाला शब्द भाषांतर करतो : 'आय प्रिफर वेल वॉटर दॅन टॅप वॉटर.' येथें दोन चुका झाल्या. 'पेक्षां' म्हणजे 'दॅन' हें तो पाठ करून बसला आहे. पण 'प्रिफर'पुढें 'टू' येतो, 'दॅन' नव्हे. दुसरी चूक याहून मोठी. मराठींत नको असलेली वस्तु आधीं येते, इंग्रजींत हवी असलेली आधीं. क्रम उलटला कीं अर्थ उलटला! गोडें पाणी मागायला गेलेला पोर खारट पाणी मागून आला. बरोबर वाक्य असें : 'आय प्रिफर टॅप वॉटर टू वेल वॉटर.'

हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ 'पुढें ठेवणें'. जें पुढें ठेवायचें तें आधीं बोलावें, इतकें ध्यानांत ठेवलें तरी पुरे. लॅटिनमधूनच आलेले सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्दही 'टू'च घेतात. आणि 'अधिक' हा अर्थ 'प्रिफर'च्या पोटांतच आहे. त्याला वर 'मोअर' जोडूं नये.

मग 'दॅन' केव्हां? 'बेटर' किंवा 'रादर' आला म्हणजे. 'आय लाइक मिल्क बेटर दॅन टी.' 'आय वुड रादर वॉक दॅन राइड.' या 'वुड रादर'पुढें क्रियापद मोकळें येतें, 'टू' लागत नाहीं. 'प्रिफर'नें हेंच सांगायचें तर 'आय प्रिफर वॉकिंग टू रायडिंग', किंवा 'आय प्रिफर टू वॉक रादर दॅन राइड'. आणखी एक. कचेरींत किंवा मुलाखतींत 'आय वाँट' म्हटलें तर तें हुकमासारखें वाटतें. 'आय वुड प्रिफर' म्हटलें तर मागणी तीच राहते आणि बोलणें अदबीचें होतें.

आईबापहो, आम्हांला इंग्रजी येत नाहीं म्हणून हात झाडूं नका. रात्रीं भाकरी खातांना पोराला विचारा : 'तुला हवें तें कोणतें? मग तें आधीं बोललास का?' एवढी परीक्षा निरक्षर आईलाही घेतां येते.

यांत नुसते गुण मिळवण्याची गोष्ट नाहीं. आपल्या वाडवडिलांना पसंती कोणी विचारलीच नाहीं; जें वाट्याला आलें तें त्यांनीं उचललें. आज कॉलेजच्या आणि नोकरीच्या अर्जांत पसंतीचा रकाना असतो. कोणता विषय, कोणतें गांव, कोणती जागा? तो रकाना दुसऱ्याच्या हातानें भरला तर पसंतीही दुसऱ्याचीच व्हायची. आपल्याच पापळ गांवच्या शेतकरी घरांतले डॉ. पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परत आले आणि त्यांनीं वऱ्हाडांत बहुजनांच्या पोरांसाठीं शाळा काढल्या. भाषा आली म्हणून ते परके झाले नाहींत.

मराठींत आपण 'मला आवडतें' म्हणतों. तेथें कर्ता ती वस्तु. इंग्रजींत 'आय प्रिफर' म्हणतांना कर्ता आपण स्वतः. तेव्हां मुलांनो, उद्यां शाळेंत जाल तेव्हां हें वाक्य मोठ्यानें म्हणा. चुकलें तर सुधारा, पण गप्प बसूं नका.