परभणीत आपले स्वागत असो!



संत जनाबाईंच्या गंगाखेडचा हा गोदाकाठचा जिल्हा आपले मनापासून स्वागत करतो. इथे १९७२ साली कृषी विद्यापीठ आले. त्यामुळे ज्वारी-कापसावरची चर्चासत्रे आम्हाला नवी नाहीत. पण धातूंची रचना आणि त्यांतला हायड्रोजन या विषयावरचे हे चर्चासत्र ठरले, तेव्हा "धातूंशी परभणीचा काय संबंध?" असे अनेकांनी विचारले. आपण ज्या गाडीने आलात, तिच्या रुळांतच त्याचे उत्तर आहे.

रूळ पोलादाचे, आणि पोलादाचा पाया लोखंड. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसला स्फटिकरचना बदलते. त्या तापमानाच्या वर त्यात हायड्रोजन अधिक मावतो. खाली उतरताच हायड्रोजनची जागा एकदम आक्रसते. जाड पोलादातून तो वेळीच निसटला नाही, तर आतल्या आत बारीक भेगा पडतात. २५ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टरजवळ रूळ तुटला आणि २९ माणसे दगावली. त्या रुळाच्या पोटात आडवी भेग होती. अशा भेगांमागे हायड्रोजनचा हात असतो, हे पुढे उमगले. १९३०च्या दशकात रूळ सावकाश थंड करू लागले. आता वितळलेल्या पोलादातूनच निर्वाताच्या साहाय्याने हा वायू काढतात. दहा लाखांत मोजके काही भाग, पण तेवढेही घात करतात.

टायटॅनियमचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. त्याच्या स्फटिकरचनेचे असे रूपांतरण ८८२ अंशांना होते. हायड्रोजन मिसळत गेला की ते तापमान सुमारे ३०० अंशांपर्यंत उतरते. अणुभट्टीतल्या झिर्कोनियमच्या नळ्यांनाही हायड्रोजनपासून बनलेले हायड्राइड ठिसूळ करते. टायटॅनियम आणि झिर्कोनियम या दोन धातूंच्या रूपांतरणांवर ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातील श्रीकुमार बॅनर्जी आणि पी. मुखोपाध्याय यांनी २००७ साली मोठा ग्रंथ सिद्ध केला.

म्हणून यजमान या नात्याने एक विनंती करतो. '९९.९९ टक्के शुद्ध' या लेबलात बहुधा इतर धातूंचीच भेसळ मोजलेली असते, वायू त्या हिशेबात धरलेले नसतात. तेव्हा शुद्ध धातूचा गुणधर्म म्हणून आकडा मांडताना नमुन्यात हायड्रोजन किती होता आणि तो कसा मोजला, हेही सांगावे. रचना अभ्यासणारे आणि वायू मोजणारे या दोन दिवसांत एकाच टेबलावर बसले, तर आमचे श्रम सार्थकी लागतील.

मागच्या बाकांवर आमच्या तालुक्यांतली मुले बसली आहेत. त्यांच्या प्रश्नांना मराठीतून उत्तरे द्यावीत. भाकरी-ठेच्याची सोय चोख आहे. बाकी काही उणे राहिल्यास हक्काने सांगा.