चावीवाला आणि आपली गल्ली

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद वाटायचा आहे, अशा वेळी मला उभं केलंय, तेव्हा फार ताणत नाही. मी वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, रुळांची देखभाल हेच काम. बोलणार तेही रुळांवरूनच.

आपल्या आरतीला पेटी वाजवणाऱ्या काकू समोर बसल्या आहेत, शेजारी काठी आहे. त्यांना विचारूनच सांगतो. दोन वर्षांपूर्वी, गणपती तोंडावर आले असताना, कॉलनीच्या फाटकाबाहेरच्या गटारात त्यांचा पाय गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. गटारावरची फरशी काही त्या दिवशी तुटली नव्हती. महिनाभर तशीच होती. वर्गणी मागत आपण सगळे तिथूनच फिरत होतो. मी तर रोज स्कूटर बाजूने काढून ड्युटीवर जायचो. रुळाच्या जोडाचा एक बोल्ट ढिला दिसला तर मला घास गोड लागत नाही, आणि हे भोक महिनाभर पाहून मी गप्प!

का गप्प? नंतर आपल्यातच बोलणं झालं तेव्हा बहुतेकांनी एकच सांगितलं. आपण बाहेरगावची माणसं, आज इथे, उद्या बदली. इथल्या लोकांना कोण सांगणार? ज्यांनी इथे घर बांधलं, वर्षानुवर्षं घरपट्टी भरली, तेही हेच म्हणत होते. अहो, १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ कामांची यादी घटनेत घातली. त्यात रस्ते आहेत, पाणी आहे, रस्त्यावरचे दिवे आहेत. तक्रार करणारा कुठे जन्मला, हे तिथे कोणी विचारलेलं नाही.

मग मी अर्ज केला. ‘फाटकाबाहेर गटार तुटले आहे, कृपया लक्ष द्यावे.’ उत्तर आलं, ‘सदर जागा रेल्वेच्या हद्दीत येते.’ राग आला. पण रात्री तोच अर्ज पुन्हा वाचला आणि लाज वाटली. आपल्या कॉलनीला फाटकं तीन. कोणतं फाटक? किती तुटलंय? आमचा कीमन, म्हणजे चावीवाला, रोज आपला टप्पा पायी तपासतो. तो येऊन ‘साहेब, कुठंतरी रूळ तुटलाय’ असं सांगत नाही. किलोमीटर सांगतो, मास्टचा नंबर सांगतो, डावा की उजवा रूळ ते सांगतो. आणि त्याआधी लाल झेंडा लावून गाडी थांबवायची सोय करतो. आपण त्या भोकात लाल फडकं बांधलेली एक काठीसुद्धा उभी केली नव्हती.

दुसऱ्या अर्जात मापं लिहिली. फाटक क्रमांक २, विजेच्या खांबाचा नंबर, तिथून १४ मीटर, फरशी ९० बाय ६०, टेप लावून काढलेला फोटो. हद्दीचा दगड गटाराच्या आतल्या बाजूला आहे, त्याचाही फोटो जोडला. अर्ज घेऊन वॉर्डाच्या अभियंत्यांना स्वतः भेटलो. माझ्यासारखाच डिप्लोमावाला माणूस, अंगावर तीन वॉर्ड. अर्ज वाचून म्हणाले, ‘मापं दिलीत हे बरं केलंत, अंदाजपत्रक आजच बनवतो.’ तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुरुस्तीला अंदाजपत्रक लागतं, अंदाजपत्रकाला मापं, आणि मापं घ्यायला जायला त्यांच्याकडे माणूस नसतो.

तरी फाइल अडलीच. तीन आठवड्यांनी ‘तक्रार निकाली’ असा संदेश आला, भोक जागेवरच! मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाकला. भांडण काढलं नाही, फक्त विचारलं. या क्रमांकाच्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली? फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती? ही फरशी शेवटची कोणी बसवली, आणि करारानुसार त्या ठेकेदाराची जबाबदारी कधीपर्यंत आहे? उत्तराला ३० दिवस असतात. कागदाच्या आधी फरशी आली. या कायद्याने काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि मालाचा नमुना घेण्याचाही हक्क दिलाय, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

हैदराबादेत गंगाधर तिलक कटनम हे रेल्वेतून निवृत्त झालेले अभियंते पेन्शनचे पैसे घालून रस्त्यातले खड्डे बुजवत फिरले. त्यांना माझा नमस्कार. पण तेवढी छाती माझी नाही, आणि खरं सांगायचं तर आपण कर भरतो तो ज्यांचं काम त्यांनी करावं म्हणून. टेप धरून चार ओळी लिहिणं मात्र मला जमतं.

कोणी म्हणेल, एका फरशीसाठी एवढा खटाटोप? काकू सहा महिने घरात होत्या. त्या वर्षी आरती पेटीशिवाय झाली, ती कशी झाली ते तुम्ही ऐकलंच आहे.

आता कामाचं. परवा रविवारी सकाळी सात वाजता विसर्जनाच्या वाटेने पायी निघायचं आहे. मंडपापासून तलावापर्यंत. दोन झाकणं आणि एक बंद दिवा मी आताच पाहून ठेवलाय. टेप माझ्याकडे आहे, खडू आणि लाल फडकी मंडळाने द्यावीत. नोंदवही काकू लिहिणार आहेत, रिक्षात बसून. रिक्षावाला ठरवला आहे.