इंजिनाची तहान



आजचा विषय पत्रिकेवर वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. व्याख्यानमालेत वाङ्मयावर, इतिहासावर, फार तर अर्थकारणावर बोलावे. शर्यतीच्या मोटारीला इंधन कसे पुरवावे, हा काय विषय झाला? ही शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. नांदेडला काय किंवा लातूरला काय, संध्याकाळच्या वेळी एखाद्या गॅरेजपुढे घटकाभर उभे राहावे. गाडीचा जोर कसा वाढवावा, ह्यावर तेथे तरुण मुलांची चर्चा रंगलेली असते. ही मुले आपलीच आहेत, आणि ह्या हौसेपायी खर्च होणारा पैसा व धोक्यात येणारा जीवही आपल्याच घरातला आहे. दुसरे कारण असे की, ज्या मद्यार्कावर परदेशातल्या कित्येक शर्यतीच्या मोटारी धावतात, तोच मद्यार्क आता इथेनॉल ह्या नावाने तुमच्याआमच्या गाडीच्या टाकीत येऊन पोचला आहे. तो निघतो कशातून, तर बऱ्याच अंशी उसातून. तेव्हा हा विषय दिसतो तितका दूरचा नाही.

प्रथम शर्यतीचे स्वरूप पाहू. इंग्रजीत जिला ड्रॅग रेस म्हणतात ती अगदी सरळ रस्त्यावरची शर्यत. अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, चढ नाही. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुटतात, आणि चांगली तयार केलेली मोटार दहाबारा सेकंदांत पलीकडे पोचते. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती रीतसर झालेल्या आहेत. रीतसर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून वेगाची चढाओढ करणे हा गुन्हा आहे. ज्याला हौस आहे त्याने ती बंद पट्टीवर, डोक्याला शिरस्त्राण आणि बाजूला रुग्णवाहिका ठेवूनच भागवावी.

आता इंजिनाकडे वळू. इंजिन ही एक चूलच आहे. चुलीला सरपण लागते तशी हवाही लागते, आणि दोहोंचे प्रमाण जमावे लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एवढी हवा म्हणजे एका लहानशा खोलीतली सगळी हवा! ह्यावरून ध्यानात येईल की, इंजिनाच्या शक्तीला खरी मर्यादा पडते ती हवेची. पेट्रोल द्रव आहे, ते थोड्या जागेत मावते. हवा विरळ आहे, ती आत ओढून घेण्यातच इंजिनाचा दम जातो.

ही अडचण अल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस इंजिनियराने हेरली. इंजिनातून जो तप्त धूर फुकट बाहेर जातो त्याच्या जोरावर एक चाक फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चाक बसवावे, आणि त्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी, ही त्याची कल्पना. तिचे पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतले. आज जिला टर्बोचार्जर म्हणतात ती हीच युक्ती. आपल्या रस्त्यावरचे ट्रक, ट्रॅक्टर आणि बहुतेक डिझेल मोटारी तिच्यावरच चालतात.

ह्या युक्तीतच एक मोह दडलेला आहे. टर्बोचा दाब वाढविणे फार सोपे असते. एखादी स्प्रिंग बदलली, एखादा स्क्रू पिळला की इंजिनात पूर्वीच्या दीडपट हवा शिरू लागते. पण हवा दीडपट झाली की इंधनही दीडपट हवे, आणि ते देणारा पंप, नळी, पिचकारी ही सर्व मंडळी जुन्या मापाचीच असतात. मग मिश्रण कोरडे पडते. जळणाची उष्णता भलत्या वेळी भलत्या जागी वाढते, इंजिन आतून ठोके देऊ लागते, त्याला मिस्त्रीलोक नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. हे व्हायला दोनतीन सेकंद पुरतात. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, हीच गाडी दारात उभी असताना सुरेख चालते आणि बाजारातून फिरवून आणली तरी तक्रार करीत नाही. इंधनाची तूट उघडी पडते ती पूर्ण भारावर, पूर्ण वेगात.

थोडा हिशेब करू. समजा, मोटार ४०० अश्वशक्तीची आहे. टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर दर अश्वशक्तीमागे तासाला २७० ग्रॅम इंधन लागते असे ढोबळ मानाने धरतात. म्हणजे तासाला १०८ किलो, सुमारे १४५ लिटर. पण शर्यत तर बारा सेकंदांची! तेवढ्या वेळात जळते ३६० ग्रॅम, अर्ध्या लिटरच्याही आत. टाकीत चाळीस लिटर पेट्रोल असताना अर्ध्या लिटरसाठी इंजिन जळते, ते का? कारण प्रश्न साठ्याचा नसून धारेचा आहे. हौद भरलेला असला तरी तोटी बारीक असेल तर आग विझत नाही, तसेच हे.

ही धार टाकीपासून इंजिनापर्यंत कुठे कुठे अडते ते क्रमाने पाहू.

पहिली जागा टाकी. मोटार झेप घेते तेव्हा टाकीतले पेट्रोल मागच्या भिंतीवर चढते आणि पंपाचे तोंड क्षणभर उघडे पडते. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. म्हणून टाकीत आडव्या पट्ट्या घालतात किंवा पंपाभोवती एक लहानसे भांडे बसवितात. ते सदा भरलेले राहते.

दुसरी जागा पंप. हे समजावून सांगण्यास मराठवाड्यातल्या श्रोत्यांना पुस्तक नको. विहिरीवरच्या मोटारीने पाणी जितके उंच चढवावे तितके ते कमी पडते, हे आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पेट्रोलच्या पंपाचेही तेच. पेट्रोल ज्या नळीतून पिचकाऱ्यांकडे जाते, तिच्यातला दाब इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबापेक्षा ठराविक प्रमाणात, बहुधा ३ बार, जास्त ठेवावा लागतो. टर्बोने १.५ बार दाब चढविला की नळीत ४.५ बार हवा. दाब वाढला की पंपाचे पेट्रोल घटते. म्हणजे इंजिनाला जेव्हा जास्त हवे, नेमके तेव्हाच पंप कमी देतो! पंप विकत घेताना त्याच्या खोक्यावरचा मोकळ्या धारेचा आकडा पाहू नये. आपल्या दाबाला तो किती देतो ते पाहावे.

तिसरी जागा वायर. रात्रीच्या वेळी गावात व्होल्टेज उतरले की मोटार कशी कण्हते हे सांगायला नको. मूळच्या बारीक वायरीवर मोठा पंप जोडला तर हाच प्रकार होतो. म्हणून बॅटरीपासून जाड वायर, स्वतंत्र रिले आणि फ्यूज घालावा. ह्या कामाला खर्च थोडा येतो, आणि टाळले जाते तेही हेच काम.

पुढे फिल्टर आणि नळी. त्या धारेच्या मापाच्या असाव्यात, एवढे म्हटले की पुरे. त्यानंतर दाब राखणारा रेग्युलेटर, आणि शेवटी पिचकारी, म्हणजे इंजेक्टर. वरच्या हिशेबाने चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक पिचकारीला मिनिटाला सुमारे ६०० घन सेंटिमीटर पेट्रोल द्यावे लागेल. पण पिचकारी अखंड उघडी ठेवून चालत नाही. ऐंशी टक्के वेळेच्या वर तिला राबवू नये असा संकेत आहे. म्हणून ती घ्यावी ७५० घन सेंटिमीटरच्या आसपासची. एवढे सगळे झाल्यावर, मिश्रण मोजणारे यंत्र धुराच्या नळीत बसवून, पूर्ण भारावर मोजमाप घ्यावे. तोवर टर्बोच्या स्क्रूला हात लावू नये. आधी पुरवठा, मग दाब, हा ह्या विद्येतला पहिला नियम आहे.

आता मद्यार्काकडे येतो. शर्यतवाल्यांना इथेनॉल आवडते ह्याला दोन कारणे आहेत. ते सहजी ठोके देत नाही, आणि ते वाफ होताना उष्णता शोषून घेते. हाताला चोळलेले सॅनिटायझर गार का लागते? त्याच कारणाने इंजिनात कोंबलेली तप्त हवाही थंड होते. पण ह्या गुणांची किंमत मोजावी लागते. एक किलो इथेनॉल जळण्यास नऊ किलोच हवा लागते. ह्याचाच अर्थ, हवा तेवढीच राहिली तर इथेनॉल वजनाने पेट्रोलच्या सुमारे १.६ पट घालावे लागते. पेट्रोलला पुरणारा पंप आणि पिचकारी येथे अपुरी पडते. शिवाय साधे रबर इथेनॉलने फुगते व भेगाळते, काही धातू गंजतात, म्हणून नळ्या आणि वायसरही निराळ्या लागतात.

हेच इथेनॉल आपल्या पंपावर कसे आले? कल्पना जुनी आहे. मद्यार्क इंधनात मिसळण्यासाठी आपल्या देशाने १९४८ मध्येच कायदा केला होता. पुढे २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे प्रयोग झाले. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच उष्णता असते. त्यामुळे गाडी थोडी कमी धावणार हे ओघानेच आले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या जुन्या चारचाकींत सहा ते सात टक्के आणि दुचाकींत तीन ते चार टक्के घट येईल असा अंदाज दिलेला आहे. ज्यांची गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची आहे त्यांनी घाबरून जाऊ नये आणि गाफीलही राहू नये. गाडीची पुस्तिका पाहावी. पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात आणि बदलताना इथेनॉल सोसणाऱ्याच बसवाव्यात. इथेनॉल हवेतला ओलावा घेते, आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. म्हणून पावसाळ्यात रिकामीशी टाकी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नये.

येथवर इंजिनाची तहान पाहिली. पण लातूरच्या सभेत तहान हा शब्द उच्चारल्यावर एवढ्यावर थांबता येणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने ह्या शहराला पाणी आले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. नीती आयोगाचा तोच अहवाल म्हणतो की, उसापासून एक लिटर इथेनॉल करण्यास सुमारे २८६० लिटर पाणी लागते. भागाकार करून पाहा. ती अख्खी गाडी म्हणजे सुमारे पावणेदोनशे लिटर इथेनॉल!

हा हिशेब तोलूनमापून घेतला पाहिजे, हे मी मान्य करतो. त्या पाण्यात पावसाचे पाणीही आले. साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल केले तर ते पाणी साखरेच्या नावे आधीच पडलेले असते. आणि ऊस लावणारा शेतकरी काही अविचारी नव्हे. ज्या पिकाला बांधलेला भाव आहे आणि दाराशी कारखाना आहे, ते पीक तो घेणारच. इथेनॉलच्या पैशामुळे कारखान्यांना उसाचे बिल देणे सोपे जाते, हेही खरे. पण अवर्षणाने ऊस घटला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, केंद्र सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घालावे लागले आणि मक्यावर भर वाढला. मक्यातून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो पशुखाद्यात जातो आणि सोयाबीनच्या पेंडीशी स्पर्धा करतो. लातूर ही सोयाबीनची पेठ आहे. एका टोकाला पिळलेला स्क्रू दुसऱ्या टोकाला कसा जाणवतो ते ह्यावरून दिसेल.

मोटारीच्या विद्येकडून येथे एक गोष्ट घेण्यासारखी आहे. दारात उभ्या असलेल्या गाडीवर इंधनाचा दाब मोजणारा मिस्त्री फसतो, आणि सप्टेंबरात भरलेले धरण पाहून उसाची लागवड ठरविणारा जिल्हाही फसतो. मोजमाप पूर्ण भारावर घ्यावे. आपल्याकडे पूर्ण भार म्हणजे मे महिना, आणि तोही लागोपाठ दुसऱ्या दुष्काळाचा. त्या दिवशी मांजरात आणि विष्णुपुरीत जेवढे पाणी उरेल तेवढ्यातून आधी पिण्याचे बाजूला काढावे, उरलेल्यात ऊस किती, ठिबकवर किती, हे ठरवावे. कारखान्याची गाळपक्षमता आणि आसवनीची क्षमता वाढविण्याचा विचार त्यानंतरचा. गॅरेजातल्या मुलाला आपण जे सांगतो, की पंप बदलल्याशिवाय टर्बोचा दाब वाढवू नकोस, ते जिल्ह्याचे नियोजन करणाऱ्यांनाही सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे.

पिस्टन जळला तर नवा मिळतो. आटलेल्या बोअरचे तसे नाही.