कारणाच्या रकान्यात काय लिहिलं?



मला दिलेला विषय आहे 'इंग्रजांच्या काळातली वेड्यांची इस्पितळं आणि तिथले रुग्ण'. त्यावर दोन दिवस बोलता येईल, पण माझ्याकडे अर्धा तासही नाही. म्हणून आज फक्त एका कागदाची गोष्ट सांगतो.

1858 साली, म्हणजे उठावाच्या दुसऱ्याच वर्षी, इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. रस्त्यावर भटकणारा कुणी वेडा वाटला, तर पोलिसांनी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. डॉक्टरचा दाखला आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला की माणूस आत. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला असं इस्पितळ होतं. रत्नागिरीचं 1886 चं, ठाण्याचं 1901 चं, त्यानंतर येरवडा. "याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा आपण आजही करतो, ती तिथूनच आली.

माणसाबरोबर एक कागदही जायचा. नाव, वय, धंदा, धर्म आणि वेडाचं कारण, असे त्यावर रकाने. आता विचार करा, रस्त्यावरून उचललेल्या माणसाच्या वेडाचं कारण सांगणार कोण? घरचं कुणी जवळ नाही. डॉक्टरने त्याला पहिल्यांदाच पाहिलेलं. मग तो रकाना बहुतेक वेळा पोलीसच भरायचे आणि इस्पितळाच्या वहीत तेच उतरायचं. कारण कळलं नाही, तर एक उत्तर तयारच असायचं: गांजा.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. गांजा, भांग, चरस यांच्या चौकशीसाठी सरकारनेच 1893 मध्ये एक आयोग नेमला. आयोग देशभर फिरला, त्याने अकराशेच्या वर साक्षी घेतल्या. इस्पितळांचे आकडे तर स्पष्ट बोलत होते की गांजाने माणसं वेडी होतात. आयोगाने ते आकडे तसेच न घेता 1892 सालची एकेक केस उघडून पाहिली. त्या वर्षी 1,344 माणसं दाखल झाली होती. त्यातल्या 222 जणांच्या नावापुढे या नशेचं कारण होतं. तपासल्यावर 98 उरले, आणि त्यातही निव्वळ नशा हेच कारण धरता येईल असे फक्त 61.

बाकीच्यांचं काय झालं होतं? शिपाई विचारायचा, "हा गांजा ओढतो का?" शेजारी म्हणायचा, "ओढतो कधीमधी." झालं, रकाना भरला. झोळीवाला फकीर किंवा जटावाला बैरागी असेल, तर एवढंही विचारत नसतील, असं मला वाटतं. (गांजा निरुपद्रवी आहे, असा अर्थ कुणी काढू नका. अति सेवनाने मनावर परिणाम होतो हे आयोगानेही लिहिलंय, आणि आजचे डॉक्टर तर तरुणांना जास्तच सावध करतात.)

एका शब्दाने काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. 'गांजा' लिहिलं की पुढचे प्रश्नच बंद व्हायचे. याचं कुणी मेलं का, तापात डोकं गेलं का, बाळंतपणानंतर झालं का, हे कुणी विचारायचं नाही. तशी औषधंही फारशी नव्हती. झोपेसाठी ब्रोमाइड, क्लोरल द्यायचे. आज ज्यांच्यावर उपचार उभे आहेत ती औषधं 1952 नंतरची. तेव्हा काळजी म्हणजे जेवण, बागेत नाहीतर चरख्यावर काम, आणि भोवती भिंत. चांगला अधीक्षक मिळाला तर माणूस जरा माणसासारखा राहायचा. नाही तर कॉलरा आणि हगवण होतीच. इंग्रज जायच्या आदल्या वर्षी, 1946 मध्ये, भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी खाटा होत्या जेमतेम दहा हजार.

त्याच कागदावरचा धर्माचा रकाना पुढे कामाला आला. फाळणीनंतर, 1950 मध्ये, दोन्ही सरकारांनी मनोरुग्णांची अदलाबदल केली. लाहोरहून साडेचारशेच्या आसपास हिंदू आणि शीख इकडे आले. इकडून दोनशेवर मुसलमान रुग्ण तिकडे गेले. तुला जायचंय का, हे विचारल्याची कुठे नोंद माझ्या वाचनात नाही. आपल्या मुंबईत सिनेमासाठी लिहिणारा मंटो तोवर लाहोरला गेला होता. तिथल्या मनोरुग्णालयात तो स्वतः राहून आला आणि 'टोबा टेक सिंग' ही कथा त्याने याच अदलाबदलीवर लिहिली. वाचली नसेल तर या आठवड्यात वाचा. मराठीत, हिंदीत, उर्दूत, कशीही.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येतो. कागद गेला, पण कारणाचा रकाना आपण अजून भरतोच. पोरगा रात्र रात्र झोपत नाही, एकटाच बोलतो. खाला म्हणते, असर आहे. चाचा म्हणतात, नशा करत असेल. दोन्हीकडे प्रश्न बंद. दर्ग्यावर जाऊन कुणाला सुकून मिळत असेल तर मी त्याला अडवणार नाही. पण 6 ऑगस्ट 2001 विसरू नका. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ खासगी आसरे चालायचे. त्यातल्या एकाला पहाटे आग लागली आणि 28 जण मेले. पळता आलं नाही, कारण ते साखळीने बांधलेले होते. त्यांना तिथे सोडणारे सगळे दुष्ट नव्हते, थकलेले होते. 2017 च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे, मग जागा कोणतीही असो. कुठे दिसलं तर हा कायदा दाखवा.

आणि घरी कुणाचं असं झालं, तर कारण ठरवायची घाई न करता आधी लिहून काढा: झोप कधीपासून उडाली, जेवण सुटलं का, त्याआधी काय घडलं. तो कागद घेऊन सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये टाकून घ्या, मी थांबतो.

झालं? आता प्रश्न विचारा. मागे बसलेल्या मुलींपासून सुरू करू.