सरवटे केरळकडून, जाफर विदर्भाकडून



2025 च्या फेब्रुवारीअखेर आपल्या नागपूरच्या जामठ्याला रणजी करंडकाचा अंतिम सामना रंगला होता. विदर्भाच्या पहिल्या डावात 379 धावा झाल्या होत्या. उत्तरात केरळचे दोन्ही सलामीवीर झटपट बाद झाले आणि मग एक डावखुरा फलंदाज खेळपट्टीवर ठाण मांडून बसला. तो आदित्य सरवटे, म्हणजे नागपूरचाच पोरगा. 2019 च्या फेब्रुवारीत याच मैदानावर, याच करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यानं विदर्भासाठी सौराष्ट्राचे 11 गडी टिपले होते, त्यात पुजारा दोन्ही डावांत. आता तो केरळकडून 79 धावा काढून विदर्भाची आघाडी कमी करत होता. टाळी वाजवावी की नाही, असा पेच त्या दिवशी बऱ्याच नागपूरकरांना पडला असणार.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत, एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, भर मोसमात बदल्यांचा धडाका लागला होता. तिथे दरवर्षी फेब्रुवारीत एक मुदत असते आणि तोवर संघांना आपसात खेळाडूंची अदलाबदल करता येते. याला ते ट्रेड म्हणतात. हरणारा संघ महागडा खेळाडू देऊन तरुण पोरं आणि नवोदितांच्या पुढच्या निवडीतले हक्क घेतो. जिंकणाऱ्याला एखादी उणीव भरून काढायची असते. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असल्यामुळे दिलेल्या आणि घेतलेल्या पगारांचा मेळ बसवावा लागतो. मग तिसरा संघ मध्ये ओढला जातो आणि केवळ हिशेब जुळावा म्हणून एखाद्याला गाव सोडावं लागतं.

बहुतेक खेळाडूंना यात कुणी विचारतही नाही. लुका डॉन्चिच या पंचविशीतल्या खेळाडूनं डॅलसला आदल्याच वर्षी अंतिम फेरीत नेलं होतं. 2025 च्या फेब्रुवारीत एका रात्रीत तो लॉस एंजेलिसच्या लेकर्सचा झाला. बदल्यात डॅलसला अँथनी डेव्हिस मिळाला.

मुदत टळली, की बायआउट सुरू होतात. समजा, खेळाडूचा करार शिल्लक आहे, पण संघाला तो नको आणि त्यालाही तिथे राहायचं नाही. मग तो उरलेल्या पगारातली काही रक्कम सोडतो आणि संघ त्याला मोकळं करतो. पुढचे 48 तास पगारमर्यादेत बसवू शकणारा इतर संघ त्याचा जुना करार जसाच्या तसा उचलू शकतो. कुणी उचलला नाही, तर तो दुसऱ्या संघाकडे, बहुधा अगदी किमान पगारावर, जातो. मात्र जुन्या संघानं त्याला 1 मार्चपर्यंत मोकळं करावं लागतं, नाहीतर बादफेरीत नव्या संघाकडून खेळता येत नाही. वर्षाला सुमारे 4 कोटी डॉलर घेणारा बेन सिमन्स त्याच फेब्रुवारीत असाच ब्रुकलिनच्या संघातून सुटून क्लिपर्स या संघाकडे गेला.

तो 1 मार्च उजाडला तेव्हा जामठ्यात अंतिम सामन्याचा चौथा दिवस होता. विदर्भाच्या करुण नायरनं शतक ठोकलं आणि मोसमातलं नववं म्हणून नऊ बोटं दाखवली. तो मूळचा कर्नाटकचा, म्हणजे तोही पाहुणाच. रणजीत संघांना असे तीन बाहेरचे खेळाडू घेता येतात, पण मूळ संघटनेचा ना-हरकत दाखला, ज्याला मैदानावर सगळे एनओसीच म्हणतात, तो आणावा लागतो. हे सारं मोसमाआधी ठरतं. अर्ध्यावर डाव मोडण्याची मुभा नाही. इथे खेळाडू आधी स्वतः जायचं ठरवतो आणि मग दाखला मागतो. यशस्वी जैस्वालनं 2025 मध्ये गोव्यासाठी तो मागितला आणि महिन्याभरात विचार बदलून मुंबईतच राहिला. एनबीएत असं मागं फिरणं डॉन्चिचच्या हातात नव्हतं.

आयपीएल या दोन्हींच्या मधली. तिथे ट्रेड आहे, पण खेळाडूच्या संमतीनं. शिस्त मोडली तर शिक्षाही होते. रवींद्र जडेजानं राजस्थानकडे असताना परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केली, म्हणून 2010 चा अख्खा मोसम त्याला बाहेर बसवलं. तोच जडेजा 2025 च्या नोव्हेंबरात संजू सॅमसनच्या बदल्यात चेन्नईहून राजस्थानला परतला आणि त्याचा आकडा 18 कोटींवरून 14 कोटींवर आला. पैसे सोडून संघ बदलण्याचं आपल्याकडचं हे ठळक उदाहरण.

पण मला त्याहून मोठा वाटतो तो वसीम जाफरचा व्यवहार. मुंबईचा हा सलामीवीर 2015 मध्ये विदर्भाकडे आला. 2016-17 चा मोसम दुखापतीनं बुडाला, तरी विदर्भ क्रिकेट संघटनेनं ठरलेले पैसे दिले. अमेरिकन रीतीनं हिशेब तिथेच संपला असता. जाफरनं मात्र पुढच्या मोसमात मानधन घेतलं नाही. आधीचे पैसे न खेळता मिळाले, ते फेडायचे, एवढाच त्याचा विचार. त्याच मोसमात, 1 जानेवारी 2018 ला इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, आणि विजयी धावा जाफरच्या बॅटमधून. मार्चमध्ये इराणी करंडकात चाळिशीतल्या या माणसानं नागपुरातच 286 धावा काढल्या.

तिकडच्या पद्धतीला नावं ठेवायचं मात्र कारण नाही. एनबीएतला खेळाडू कुठे राहणार हे त्याच्या हातात नसेल, पण कराराचा पैसा सहसा बुडत नाही, आणि बायआउटमध्ये किती सोडायचा हे ठरवण्यात त्याचाही हात असतो. आपल्याकडे गाव निवडता येतं, पण दाखल्याची किल्ली संघटनेकडे. जाफरला दुखापतीतही पैसे मिळाले, कारण संघटनेनं शब्द पाळला. प्रत्येक पाहुण्याला असा यजमान भेटेलच असं नाही.

करुण आता कर्नाटकात परतला, आपला जितेश शर्मा बडोद्याला गेला. पुढच्या मोसमाआधी वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर कोपऱ्यात एनओसीच्या चार ओळी येतील, त्या तेवढ्या चुकवू नका.